काडतुसांच्या खोक्यावरचा चेहरा

मंडळी, ही पिन माझ्या अंगठ्याच्या नखाच्या जेमतेम दुप्पट आहे. मागे बसलेल्यांना दिसणार नाही, म्हणून सांगतो. बाजूने दिसणारा चेहरा, तोंड उघडं, आरोळी ठोकल्यासारखं. डोक्यावर पिसांचं भरघोस शिरोभूषण. पिसापिसाची कड धातूच्या बारीक रेघेने उठवलेली आणि मधल्या खाचांत रंगीत मिना भरलेला. पाठीमागे साधी टाचणी. हा सू या मूळ अमेरिकन जमातीचा योद्धा आहे. अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातला हा माणूस फ्रेंच वैमानिकाच्या छातीवर जाऊन बसला, त्याची ही हकीकत.

एप्रिल १९१६. पहिलं महायुद्ध ऐन भरात होतं आणि अमेरिका अजून तटस्थ होती. तरीही काही अमेरिकन तरुण फ्रान्ससाठी उडायला आले. फ्रेंचांनी त्यांची एक स्क्वाड्रन उभी केली, क्रमांक १२४. कमांडर फ्रेंच, कॅप्टन तेनो. नाव ठेवलं ‘अमेरिकन स्क्वाड्रन’. त्यावर जर्मनीने तक्रार केली, तटस्थ देशाचं नाव रणांगणावर कसं चालतं? तक्रार रास्तच होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नाव बदलून ‘लाफायेत’ झालं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या फ्रेंच सेनानीचं ते नाव. जणू जुन्या उपकाराची फेड.

आता विमानावर चिन्ह कोणतं लावायचं? झेंडा लावता येत नव्हता. पाहणाऱ्याला मात्र अमेरिका आठवायला हवी. तळावर सॅव्हेज आर्म्स कंपनीच्या काडतुसांची खोकी होती आणि त्यांवर कंपनीचा छाप होता, एका मूळ अमेरिकन माणसाचं डोकं. तेच उतरवून विमानाच्या अंगावर रंगवलं. पहिला चेहरा सेमिनोल जमातीचा होता. १९१७ मध्ये हिंकल आणि विलिस या दोन वैमानिकांनी तो नव्याने काढला. विलिस पेशाने वास्तुविशारद, रेघेवर हात बसलेला. सेमिनोलच्या जागी सू आला, पिसं आली, आरोळी आली. ते चित्र लांबूनही नजरेत भरतं, हे पिन हातात घेतली तरी कळतं.

एक गोष्ट मला इथे अस्वस्थ करते. ज्यांचा चेहरा अमेरिकेची ओळख म्हणून फ्रान्सच्या आकाशात फिरत होता, त्या जमातींना सरसकट अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं ते जून १९२४ मध्ये. चिन्ह विमानावर चढलं त्यानंतर तब्बल सात-आठ वर्षांनी.

फेब्रुवारी १९१८ मध्ये हे वैमानिक अमेरिकन सैन्याच्या १०३ व्या स्क्वाड्रनमध्ये गेले आणि चेहराही सोबत घेऊन गेले. पुढे १९२४ मध्ये ही स्क्वाड्रन ९४ व्या स्क्वाड्रनमध्ये विलीन झाली. ९४ व्याचं स्वतःचं चिन्ह होतं आखाड्यात टाकलेली टोपी, म्हणजे आव्हान स्वीकारल्याची खूण. पण तिचा गाजलेला वैमानिक रिकनबॅकर याने ती टोपी आपल्या मोटारींचा छाप केली होती. मग स्क्वाड्रनने सूचा चेहरा लावला. टोपी परत आली ती १९४२ मध्ये.

याच १९४२ सालाशी मी नेहमी थांबतो. फ्रान्सनेही लाफायेत हे नाव आणि हा चेहरा आपल्या एका लढाऊ तुकडीला दिला होता. नोव्हेंबरमध्ये ती तुकडी कासाब्लांकाला होती, जर्मनीपुढे झुकलेल्या विशी सरकारच्या हुकुमाखाली. ८ नोव्हेंबरच्या पहाटे अमेरिकन सैन्य मोरोक्कोच्या किनाऱ्यावर उतरलं आणि ‘रेंजर’ या विमानवाहू जहाजावरची वाइल्डकॅट विमानं आली. त्यांच्याशी भिडली लाफायेतची कर्टिस विमानं. विचार करा. विमानं अमेरिकेत बनलेली, त्यांवर अमेरिकनांनीच काढलेला चेहरा, नाव अमेरिकेच्या मित्राचं आणि समोर अमेरिकन वैमानिक. दोन्हीकडचे वैमानिक मेले. ही पिन हातात घेतली की आधी ती सकाळ डोळ्यांपुढे येते; १९१६ मध्ये ती पहिली स्क्वाड्रन जिथे उभी राहिली, तो फ्रान्समधला लुक्सईचा तळ नंतर.

तीन दिवसांत मोरोक्कोतली लढाई थांबली. जानेवारी १९४३ मध्ये अमेरिकेने याच तुकडीला नवी पी-४० विमानं दिली. त्या विमानांवरही तोच आरोळी ठोकणारा चेहरा रंगवला गेला.