सेटलमेंटचे कागद ‘नेटवर टाका’ म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली सगळ्यांचा एकच धोशा: “सोलापूरच्या सेटलमेंटचे, म्हणजे इंग्रजांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना डांबायच्या वसाहतीचे, जुने कागद स्कॅन करून नेटवर टाकायला सांगा की ओ!” म्हणून आज हा व्हिडिओ.

इतिहास पटकन उरकू. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा. पारधी, कैकाडी, कंजारभाट जन्मानंच गुन्हेगार ठरवले. सोलापुरात तारेच्या कुंपणात सेटलमेंट, आतली माणसं गिरणीत कामाला, वर हजेरी. 1952 ला कायदा गेला, कागद राहिले. पुढं चला.

असल्या रजिस्टरात काय असतं? नाव, बापाचं नाव, जमात, बोटांचे ठसे. लिहिणारा सरकारी कारकून. हे नेटवर टाकायचं, कुणाला विचारून? तुमच्या आजीचं नाव ‘गुन्हेगार’ म्हणून गुगलवर आलं आणि सोयरीक जुळवताना समोरच्यांनी ते शोधलं, तर चालेल?

“मग कुलपात ठेवा,” ही दुसरी कमेंट. अहो, तेही नको! विमुक्तांना, म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्या जमातींना, जातीच्या दाखल्यासाठी 1961 च्या आधीचा पुरावा मागतात. फिरस्त्याच्या घरात कुठला आलाय सातबारा? त्याच्या नातवाला रजिस्टरचं हे पान हवंय. म्हणजे उघडायचं, पण कुणासाठी आणि किती, हे वस्तीत बसून ठरवायचं. अभिलेखागाराच्या, म्हणजे सरकारी जुन्या दप्तराच्या, केबिनमध्ये नाही.

तिसरं. हौशी पोरं वस्तीत जातात, म्हातारीकडून झाडपाल्याची औषधं, देवीची गाणी रेकॉर्ड करतात. संध्याकाळी यूट्यूबवर! विचारलं होतं का? “हो म्हणाली की.” ती रेकॉर्डिंगला हो म्हणाली, गावभर वाजवायला नाही. माझं डोकं इथंच फिरतं.

“कुणी काय बघायचं हे समाजानं ठरवायचं, असं कुठं असतं का?” असतं. ऑस्ट्रेलियात टेनंट क्रीकच्या वारुमुंगू आदिवासींसोबत मुकुर्तू नावाची, फोटो-कागद जपायची संगणक प्रणाली तयार झाली. कुठला फोटो कुणी बघायचा हे समाज ठरवतो, काही फक्त बायकांनी, काही फक्त घरच्यांनी. आपल्या केंद्राच्या 1993 च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात कागद जपायचे नियम आहेत. ज्यांच्याबद्दल कागद, त्यांना विचारा असं कलम नाही.

एका आजोबांना असल्या पानाची झेरॉक्स दाखवली. त्यांनी एका नावावर बोट ठेवलं. “हा ढोलकी काय वाजवायचा! ते कुठं लिहिलंय?” कुठंच नाही. नोंदीशेजारी आजोबांचं बोलणं त्यांच्या नावानं जोडायचं, त्यांची हरकत नसेल तर. जुनी नोंद खोडायची नाही, ती सरकारनं काय केलं त्याचा पुरावा आहे.

आणि हो, घरात असला कागद सापडला तर फोटो कमेंटमध्ये टाकू नका. आधी घरातल्या म्हाताऱ्यांना दाखवा.