हाफेनसिटी: भरती-ओहोटी बघून निघा

जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या हाफेनसिटीला, म्हणजे बंदरकाठच्या नव्या वस्तीला निघताना हवामानासोबत भरती-ओहोटीच्या वेळाही बघून ठेवा. शहर समुद्रापासून सुमारे १०० किलोमीटर आत, तरी एल्ब नदीचं पाणी इथे दिवसातून दोनदा साडेतीन मीटरहून जास्त चढतं आणि तेवढंच उतरतं. उद्याची भरती आजच्यापेक्षा साधारण पाऊण तास उशिरा येईल.

सुरुवात करा माजेलान टेरासेनच्या पायऱ्यांवरून. समोर जुनी जहाजं तरंगत्या धक्क्याला बांधलेली दिसतात. भरतीला त्या धक्क्याकडे जाणारा पूल जवळजवळ सपाट असतो, ओहोटीला मात्र चांगलाच उतरता होतो. पावसात तिथे पाय घसरतो, कठडा धरूनच उतरा.

आता मागे वळून इमारतींच्या पायथ्याकडे बघा. १५७ हेक्टरांचा हा भाग शहराच्या मुख्य पूरबांधाच्या बाहेर आहे. १९६२च्या फेब्रुवारीत वायव्येच्या वादळाने समुद्राचं पाणी नदीत रेटलं, बांध फुटले आणि शहरात ३१५ माणसं गेली. त्यामुळे हाफेनसिटीच्या २०००च्या आराखड्यात पुराचा विचार आधी झाला. सगळ्या भागाभोवती बांध घातला असता, तर अवाढव्य खर्च सुरुवातीलाच करावा लागला असता, आणि पाणी नजरेआड गेलं असतं ते वेगळंच. म्हणून प्रत्येक इमारतीचं जोतंच समुद्रसपाटीपासून आठ-नऊ मीटर उंच केलं. जोत्याच्या पोटात गाड्या उभ्या राहतात, आणि पाणी वाढलं की दारांवरची जाड पोलादी झडप बंद होते. काठावरची फिरायची वाट मात्र मुद्दाम खाली ठेवली आहे, मोठ्या वादळात ती बुडते. पुराचा इशारा असेल त्या दिवशी तिथे उतरू नका.

शेजारचं श्पाइशरश्टाट, म्हणजे विटांच्या जुन्या गोदामांची वस्ती, याहून सखल आहे. पुरात अग्निशमन दलाला वाट मिळावी म्हणून तिथे किबेलश्टेग हा उंच पूल बांधला आहे. इथल्या कालव्यांतून बोटीने जायचं, तर वेळ साधावी लागते. पूर्ण ओहोटीला तळ लागतो, पूर्ण भरतीला पुलाखालून बोट जात नाही. तिकीट काढण्यापूर्वी विचारा, ‘आत्ता कालव्यांत नेणार का?’ नाहीतर बोट फक्त मोठ्या बंदरातून फिरवून आणते.

एल्बफिलहार्मोनी हे संगीतगृह २०१७ साली १९६०च्या दशकातल्या एका गोदामाच्या डोक्यावर खुलं झालं. ८२ मीटरचा वळणदार सरकता जिना ३७ मीटर उंचीवरच्या गच्चीकडे नेतो. वर वारा जोरात असतो, उन्हाळ्यातही जाकीट जवळ ठेवा.

शेवटी मेट्रोच्या यू-४ मार्गाने लोहसेपार्कला जा, आणि या ठिकाणासाठी घाई करू नका. इथे हानोफरशर बानहोफ हे स्थानक होतं. १९४० ते १९४५ या काळात ८,००० हून अधिक ज्यू, तसंच सिंती आणि रोमा या युरोपातल्या अल्पसंख्याक समाजांतल्या माणसांना इथून गाड्यांत भरून छळछावण्यांत आणि मृत्यूकडे पाठवलं गेलं. उद्यानातून तिरकी गेलेली ती खोलगट रेषा म्हणजे रुळांची जुनी वाट. ती थेट फलाटाच्या उरलेल्या तुकड्यापाशी थांबते. तिथे नावं लिहिलेली आहेत, ती वाचा.