सामाईक विहिरीतला वाटा

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या केज तालुक्यातल्या गावी होतो. शेजारच्या आबांनी रानात बोअर घ्यायचं ठरवलं. तमिळनाडूची गाडी रात्री साडेअकराला लागली. आधी तांबडा मुरूम आला, मग करडी भुकटी. गाडीवरचा पोरगा दर थोड्या वेळानं ती भुकटी मुठीत धरायचा, चोळायचा आणि झटकून टाकायचा. ओल लागली की भुकटीचा गोळा होतो. त्याच्या मुठीतून ती नुसती उडत होती. चारशे फुटांवर कुणीतरी म्हणालं, ‘‘आबा, थांबवू का?’’ आबा म्हणाले, ‘‘अजून पन्नास होऊ द्या.’’ असे पन्नास-पन्नास करत पावणेसहाशे झाले. पहाटे गाडी गेली तेव्हा आबा बांधावर बसून होते आणि बाभळीच्या पानापानांवर धुरळा होता.

आज मला बोलायचं आहे ते तेलाबद्दल. आपल्या देशाची सरकारी कंपनी परदेशात जाऊन तेल-वायूच्या विहिरींत वाटे घेते, त्याबद्दल. हा विषय मराठवाड्याच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही असं मला वाटतं. कोरडा बोअर काय असतो, हे आपल्याइतकं कुणाला माहीत?

आपल्या जमिनीखाली तेल का नाही, असं मुलं विचारतात. १९९३ च्या भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं किल्लारीजवळ खोल बोअर घेतला होता. सुमारे ३३८ मीटर, म्हणजे अकराशे फूट, नुसता काळा पाषाण लागला. त्याखाली गाळाच्या खडकाचा आठेक मीटरचा पापुद्रा, आणि त्याच्याही खाली अतिप्राचीन कठीण खडक. तेल तयार होतं ते गाळाच्या जाड थरांत. तो थरच इथे नाही.

मुंबईच्या समुद्रात तो होता. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या जहाजानं तिथे तेल शोधलं आणि बॉम्बे हाय हे नाव घरोघरी पोचलं. तरीही आज देशाला लागणाऱ्या दर शंभर लिटर कच्च्या तेलातलं पंच्याऐंशी लिटरहून अधिक बाहेरून येतं. म्हणून बाहेर जाणं आलं. पण गंमत अशी, की बाहेर जायचं पाऊल बॉम्बे हाय सापडण्याच्या नऊ वर्षं आधीच पडलं होतं. १९६५ साली इराणच्या समुद्रातल्या रोस्तम आणि रक्ष या क्षेत्रांसाठी एक छोटी सरकारी कंपनी काढली गेली. १९८९ मध्ये तिचं नाव झालं ओएनजीसी विदेश. घरात पुरेसं नसताना दूरचा विचार करणारी ती माणसं होती, आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे.

आता एक गैरसमज. परदेशातल्या विहिरीत आपला वाटा म्हणजे तिथलं तेल जहाजातून थेट आपल्याकडे येतं, असं नाही. व्हिएतनामच्या समुद्रातला आपल्या वाट्याचा वायू व्हिएतनाममध्येच विकला जातो, त्यावर तिथे वीज होते. आपल्याला मिळतो तो पैसा. सुदानचं पहिलं जहाज २००३ मध्ये मंगळूरला लागलं होतं, रशियातल्या सखालिन बेटाचं २००६ मध्ये. पण बहुतेक माल जवळच्या बाजारातच जातो. मनमाडजवळच्या पानेवाडीहून आपल्या पंपावर टँकर येतो, त्यातलं डिझेल सखालिनचं आहे का, याला अर्थ नाही. अर्थ यात आहे, की जगात तेल महागलं तर विकत घेणारा म्हणून आपण भरडले जातो, पण विहिरीचे वाटेकरी म्हणून चार पैसे परतही येतात.

सखालिन म्हणजे रशियाच्या अगदी पूर्वेचं बेट. २००१ मध्ये आपण तिथे पाचवा हिस्सा घेतला, तेव्हा पेट्रोलियम मंत्री आपले राम नाईक होते. तिथला समुद्र हिवाळ्यात गोठतो. म्हणून किनाऱ्यावर उभं राहून समुद्राखाली आडवे बोअर मारले. आपण विहिरीत शंभर-दीडशे फुटांचे आडवे बोअर घेतो; तिथे २०११ मध्ये एक बोअर १२,३४५ मीटर लांब गेला. केजहून निघून थेट दुसऱ्या गावाच्या विहिरीखाली पोचावं, तसं!

पण विहीर सामाईक असली की भांडणं आलीच. सुदानमध्ये आपला चार आणे हिस्सा होता. २०११ मध्ये त्या देशाची वाटणी झाली. बरीचशी विहीर धाकट्याच्या, दक्षिण सुदानच्या वाट्याला गेली. पाइपलाइन आणि बंदर राहिलं थोरल्याकडे. बांधावरून पाइप नेण्याच्या पैशावरून वाद पेटला आणि २०१२ च्या जानेवारीत धाकट्यानं मोटारच बंद केली. यात नुकसान कुणाचं झालं, ते सांगायला नको. इराणचं तर याहून वाईट. फारजाद-बी हा वायूचा साठा आपल्याच लोकांनी २००८ मध्ये शोधला, वर्षानुवर्षं बोलणी झाली, आणि २०२१ मध्ये ते काम इराणनं आपल्या घरच्या कंपनीला दिलं. मोझांबिकच्या वायूत तर औरंगाबादजवळच्या चितेगावात कारखाना असलेल्या व्हिडिओकॉनचाही दहा टक्के वाटा होता. दोन सरकारी कंपन्यांनी मिळून तो सुमारे अडीच अब्ज डॉलरला घेतला. पुढे २०२१ मध्ये तिथल्या पाल्मा गावावर बंडखोरांनी हल्ला केला आणि काम कित्येक वर्षं थांबलं.

हे सगळं नशिबाचं म्हणता येईल. पण सैबेरियातली इम्पीरियल एनर्जी ही कंपनी घेतली, ते मला आजही खुपतं. सौदा ठरला ऑगस्ट २००८ मध्ये, तेलाचा भाव नुकताच शिखरावर जाऊन आला होता तेव्हा. पैसे मोजले २००९ च्या जानेवारीत, दोन अब्ज डॉलरहून जास्त. तोवर भाव कोसळला होता. तेलही धरलेल्या अंदाजाच्या निम्म्यानं निघालं नाही, आणि महालेखापालांनी त्यावर बोट ठेवलं. श्रोतेहो, आपल्याकडे विहिरीतला वाटा पोळ्याला पाणी बघून कुणी घेतं का? पोळ्याला सगळ्याच विहिरी काठोकाठ असतात.

तरीही वाटे घेणं सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. आपल्या बांधावर येणारं युरियाचं पोतं वायूपासून होतं. वायू महागला तरी पोत्याचा भाव सरकार वाढू देत नाही. वरचा भार तिजोरीवर पडतो, आणि मग तोच पैसा तलावाला, रस्त्याला कमी पडतो. वाटे घ्यावेत, फक्त हिशेब मांडून घ्यावेत, आणि फसलेला सौदा का फसला तेही लोकांना सांगावं. पैसा शेवटी आपलाच आहे.

आबांच्या त्या बोअरवर आता मोठा दगड ठेवून तोंड बुजवलं आहे, लेकराबाळाचा पाय जाऊ नये म्हणून. खालच्या शिवारातल्या विहिरीत चार आणे वाटा घ्यायची त्यांची बोलणी चालू आहेत. परवा फोनवर सांगत होते, पैसे तयार आहेत, पण मेच्या शेवटच्या आठवड्यात स्वतः विहिरीत उतरून तळ बघितल्याशिवाय देणार नाही.

नमस्कार.