आठ बिटांचा काळोख

(पडदा काळा. पाच आडव्या रेषा. त्यातली एकच थरथरते. आवाज फक्त बेसचा, दहा सेकंद.)

हा आवाज निन्टेन्डोच्या फॅमिकॉमचा. १९८३ साली जपानमध्ये आलेलं हे यंत्र पुढे अमेरिकेत एनईएस या नावानं विकलं गेलं. आपल्याकडे नव्वदच्या दशकात ‘कॅसेट’ घालून टीव्हीवर जे स्वस्त व्हिडिओ गेम खेळले जायचे, त्यातले बहुतेक याच यंत्राच्या नकला होत्या. संगीतासाठी त्याच्या चिपमध्ये पाच चॅनल होती, म्हणजे पाच स्वतंत्र आवाज: दोन पल्स (चौकोनी लहर), एक ट्रँगल (त्रिकोणी लहर), एक नॉइज (सळसळ) आणि छोटे ध्वनिमुद्रित तुकडे वाजवणारं पाचवं.

या पाच चॅनलांच्या संगीतातून गडद, संथ इलेक्ट्रॉनिक रिमिक्स करायचा, तर पहिली ओढ असते भर घालायची. मोठा रिव्हर्ब (मोठ्या जागेत घुमल्यासारखा परिणाम), पावसाचा आवाज, लांबून येणारी घंटा, कुजबुज. हे सगळं एकाच ट्रॅकमध्ये ऐकू आलं, की मूळ धुनेला कुणी हातही लावलेला नाही असं खुशाल समजावं. गडदपणाचं बरंचसं सामान त्या चिपमध्येच पडलेलं आहे. काम आहे ते सुटं करण्याचं.

१९८६चा ‘मेट्रॉइड’ हा गेम घ्या. संगीतकार हिरोकाझू तानाका यांनी त्यात जाणूनबुजून धून मागे ठेवली. गुणगुणता येईल अशी सुरावट खेळाडूला शेवटचा शत्रू पडल्यावर मिळावी, तोवर संगीत आणि भोवतालचे आवाज एकमेकांत मिसळून जावेत, असा त्यांचा विचार होता. रिमिक्स करणाऱ्यानं आधी हे वेळापत्रक उचलावं. धून पहिल्या आठ मात्रांत उघडी करू नये.

(पडद्यावर: एनएसएफ फाइल वाजवणारा प्लेअर. चॅनलांची बटणं एकेक बंद होतात.)

सुरुवात फाइलपासून. एनएसएफ फाइलमध्ये ध्वनिमुद्रण नसतं; गेमचा संगीत वाजवणारा कोड आणि त्याची माहिती असते. प्लेअर तो कोड चालवतो, त्यामुळे प्रत्येक चॅनल एकटं वाजवून वेगळं रेकॉर्ड करता येतं. प्लेअर ९६ किलोहर्ट्झवर ठेवा, फाइल २४ बिट वेव्ह घ्या. ४४.१ किलोहर्ट्झवर घेतलेला आवाज दोन सप्तकं खाली खेचला, की त्यातली वरची मर्यादा साधारण २२ किलोहर्ट्झवरून साडेपाचवर येते आणि आवाजावर गोधडी टाकल्यासारखं होतं. ९६वर घेतलं तर तीच मर्यादा १२वर राहते. अंधार हवा असला, तरी तो फिल्टर फिरवून आपल्या हातानं आणावा, रेकॉर्डिंगमधल्या तुटीनं नव्हे. प्रत्येक चॅनल दोन फेऱ्या घ्या. पहिल्या फेरीत अनेकदा एकदाच वाजणारा आरंभ असतो आणि फेरीचा सांधा दुसऱ्या वेळी नीट कळतो.

पुढचा खड्डा लयीचा. एनईएसचा संगीत कोड सहसा टीव्हीच्या फ्रेमबरोबर चालतो. सेकंदाला फ्रेम ६० नसतात, ६०.०९८८ असतात. एक मात्रा २४ फ्रेमची असेल तर हिशेब १५० बीपीएमचा (मिनिटाला १५० मात्रांचा) वाटतो, प्रत्यक्षात लय १५०.२५ निघते. सॉफ्टवेअरमध्ये १५० टाकून ड्रम बसवले, तर पहिल्या मिनिटात काही जाणवत नाही. चार मिनिटांनंतर मूळ धून जवळजवळ ०.४ सेकंद पुढे गेलेली असते. म्हणून दोन ठोक्यांमधल्या फ्रेम मोजा, ६०.०९८८ गुणिले ६० करा आणि फ्रेमच्या संख्येनं भागा. युरोपातल्या पाल या टीव्ही पद्धतीच्या यंत्रांवर फ्रेम सेकंदाला सुमारे ५०. तिथं न बदलता विकलेल्या गेमचं संगीत साधारण एक षष्ठांश संथ वाजतं, तेव्हा फाइल कोणत्या पद्धतीनं वाजते आहे हे आधीच तपासा.

आता लय निम्मी करा. १५०.२५चे ७५.१२ झाले, की मात्रांच्या मधल्या जागा मोकळ्या होतात. त्या भरायची घाई नको.

(आवाज: ट्रँगल चॅनल एकटं, खालचा ‘ए’ स्वर, ५५ हर्ट्झ.)

ट्रँगलवर थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त माल इथं आहे. या चॅनलला आवाज कमीजास्त करायची सोयच नाही. ते वाजतं किंवा बंद असतं. आणि त्याची लहर गुळगुळीत त्रिकोणही नाही, ३२ पायऱ्यांचा जिना आहे. या पायऱ्यांमुळे मूळ स्वराच्या ३१ आणि ३३ पटींवर जादा आवाज तयार होतात. ५५ हर्ट्झचा स्वर असेल तर १,७०५ आणि १,८१५ हर्ट्झवर. खोल बेसच्या वर जी बारीक, धातूसारखी गुणगुण ऐकू येते ती हीच. बहुतेक जण २०० हर्ट्झवर लो-पास (वरचे आवाज छाटणारा फिल्टर) लावून ती पुसून टाकतात आणि मग मोबाइलवर बेस गायब झाल्याची तक्रार करतात. मोबाइलच्या स्पीकरला ५५ हर्ट्झ पेलत नाही. त्याच्यावर बेस ओळखू येतो तो वरच्या पटींमुळे.

म्हणून या चॅनलच्या दोन प्रती करा. एकीवर १०० हर्ट्झला लो-पास, मोनो, बाकी काही नाही. दुसरीवर १५० हर्ट्झला हाय-पास (खालचं छाटणारा फिल्टर), हलकं सॅच्युरेशन (आवाजाला किंचित खरखरीत करणं) आणि सावकाश उघडझाप करणारा फिल्टर: आठ मात्रांत ४०० हर्ट्झपासून अडीच किलोहर्ट्झपर्यंत. फिल्टर वर सरकला की ती गुणगुण डोकं वर काढते. पहिली प्रत जशीच्या तशी राहते, त्यामुळे पाया हलत नाही. दोन्ही एकत्र वाजवल्यावर बेस उलट बारीक झाला, तर फिल्टरमुळे फेज सरकली आहे, म्हणजे दोन्ही लहरी एकमेकींना खोडताहेत. एका प्रतीची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटवून पाहा.

(पडद्यावर: पियानो रोल. धून तीच, खालची लांब पट्टी ‘सी’वरून ‘ई’वर सरकते.)

आता धून. तिचे स्वर कोमल करत बसण्यापेक्षा षड्ज हलवा. ज्यांच्या कानात मूर्च्छना (स्वर तेच, षड्ज नवा) आहे त्यांना हे सांगायला नको. समजा, धून सी मेजरची आहे, म्हणजे बिलावलचे सात स्वर. तिच्याखाली खर्ज ‘सी’ऐवजी ‘ए’ धरला, तर तेच स्वर आसावरी थाटाचे होतात. ‘ई’ धरला तर भैरवी थाटाचे. धुनेचा एकही स्वर बदललेला नाही, त्यामुळे ऐकणारा ती ओळखतो; पण तिच्या पायाखालची जमीन सरकलेली असते. मूळ धून जिथं ‘सी’वर येऊन विसावते, तिथं आता ‘ई’च्या खर्जावर कोमल धैवत लागतो आणि शेवट लोंबकळत राहतो. गडद रिमिक्समध्ये आपल्याला तेच हवं आहे.

यातली अडचण कोमल रिषभाची. ‘ई’च्या खर्जावर ‘एफ’ हा स्वर कोमल रिषभ होतो. दोन्ही एकाच खालच्या सप्तकात असले, ८२.४ आणि ८७.३ हर्ट्झ, तर त्यांच्यातल्या फरकानं सेकंदाला सुमारे पाच वेळा गुरगुर होते. क्षणभर ती छान वाटते. पूर्ण आवर्तनभर चालू राहिली तर बाकीचं काही ऐकू येत नाही. तो ‘एफ’ एक सप्तक वर न्या, किंवा तेवढ्यापुरता खर्ज थांबवा. थांबवणंच जास्त परिणामकारक, पण ते एकदाच करा.

मूळ पल्स चॅनल आणि तुमचा सिंथ (सिंथेसायझर) एकमेकांवर चढवलेत, तर वरच्या सप्तकात बेसूर ऐकू येईल. दोष तुमच्या सिंथचा नाही. चिप स्वर काढते तो एका पूर्णांकानं भागून. १,७६० हर्ट्झचा ‘ए’ तिला काढताच येत नाही, १,७४७.८ मिळतो, नाहीतर १,७७५.६. पहिला १२ सेंट (एका सेमिटोनचे शंभर सेंट) उतरलेला, दुसरा १५ सेंट चढलेला. खाली ही चूक नगण्य असते, वर जाताना वाढत जाते. त्यामुळे धून सिंथवर नव्यानं वाजवा आणि मूळ पल्स एक किंवा दोन सप्तकं खाली उतरवून मागच्या थरात वापरा.

चिपवर जिथं जलद अर्पेजिओ असतात, तिथं आयता खजिना आहे. तीन स्वर फ्रेमागणिक बदलत फिरवले की कानाला एकच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, ऐकू येते. तेच चॅनल दोन सप्तकं खाली खेचा, वेग चौपट कमी होतो आणि कॉर्ड फुटून सेकंदाला पंधरा स्वरांची धडधड होते. वेगळा सिक्वेन्सर (स्वर ओळीनं वाजवणारं साधन) लावायची गरज उरत नाही. धडधड लयीत बसत नसेल तर खेचण्याचं प्रमाण थोडं बदला, मग सूर वेगळा जुळवा.

नॉइज चॅनलबद्दल थोडक्यात. त्याचा नेहमीचा नमुना ३२,७६७ पायऱ्यांनी परत येतो, म्हणून तो सळसळ वाटतो. दुसऱ्या प्रकारात तो ९३ पायऱ्यांतच फिरतो आणि पत्र्यावर आपटल्यासारखा सूर धरतो. हा दुसरा प्रकार उतरवून तिसऱ्या मात्रेवर टाका; स्नेअर ड्रमची जागा तो घेईल.

(आवाज: कोरडा स्वर. मग तोच, लांब रिव्हर्बसह.)

आता रिव्हर्ब, आणि तोही सतत नको. प्रत्येक ओळीचा फक्त शेवटचा स्वर त्यात सोडा. सात-आठ सेकंदांची शेपटी, ५० मिलिसेकंद प्री-डिले (शेपटी सुरू होण्याआधीचा विराम). रिव्हर्बच्या आधी ३०० हर्ट्झखालचं आणि पाच किलोहर्ट्झवरचं छाटा. हे छाटलं नाही, तर २०० ते ४०० हर्ट्झमध्ये गाळ साचतो आणि तो काढायला मग अख्ख्या मिक्सवर इक्वलायझर चालवावा लागतो. किकच्या (बेस ड्रमच्या) ठोक्याबरोबर खर्ज चार ते सहा डेसिबल दाबा, साधारण २०० मिलिसेकंदांत परत येऊ द्या. १२० हर्ट्झखालचं सगळं मोनो.

मास्टर करताना, म्हणजे अंतिम फाइल तयार करताना, ट्रू पीक (लहरीचं खरं शिखर) उणे एक डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. यूट्यूब मोठ्या आवाजाचे व्हिडिओ साधारण उणे १४ एलयूएफएसपर्यंत (हे कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) खाली आणतं, हळू असलेले वर उचलत नाही. या प्रकारच्या संगीतात शांत आणि मोठ्या भागांतला फरक हाच जीव असतो. लिमिटरनं (शिखरं दाबणाऱ्या साधनानं) तो सपाट केलात, तर यूट्यूब आवाज खाली आणेल आणि हाती फक्त सपाटपणा उरेल.

परवानगीचंही पाहून ठेवा. धुनेचा हक्क वेगळा, गेममधल्या ध्वनिमुद्रणाचा वेगळा. सगळं नव्यानं वाजवलं तरी पहिला हक्क शिल्लक राहतोच, आणि फुकट वाटलं म्हणून परवानगी मिळाली असं होत नाही. भारतीय कॉपीराइट कायद्याचं कलम ३१-सी पाच कॅलेंडर वर्षांनंतर, सूचना आणि रॉयल्टी देऊन कव्हर, म्हणजे तीच रचना नव्यानं ध्वनिमुद्रित, करू देतं. पण तांत्रिक गरजेपलीकडे रचना बदलायची मोकळीक त्यात नाही, तेव्हा षड्ज हलवलेल्या रिमिक्सनं त्याच्या भरवशावर राहू नये.

राहिला शेवट. गेममधलं संगीत बहुधा संपत नाही, फेरी मारून परत सुरू होतं. म्हणजे शेवट आपल्यालाच रचावा लागतो. चॅनलं उलट्या क्रमानं काढत चला: आधी ड्रम, मग अर्पेजिओ, मग धून. खर्ज सर्वांत शेवटी, तोही कापून, फेड न करता. आणि फाइल बाहेर काढताना शेवटच्या स्वरानंतर किमान दहा सेकंद रिकामी जागा निवडीत घ्या, नाहीतर सॉफ्टवेअर रिव्हर्बची शेपटी मध्येच तोडतं.