लोंगेवाला: हंटरच्या तोफा आणि रणगाड्याची पाठ

५ डिसेंबर १९७१. राजस्थानातली लोंगेवाला चौकी. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि त्यांच्या जवानांनी रात्रभर तग धरलाय. जैसलमेरची हंटर विमानं अंधारात लढू शकत नाहीत. उजाडतं, आणि उघड्या वाळूत पाकिस्तानी टी-५९ रणगाडे दिसू लागतात. ना झाड, ना आडोसा.

हंटरच्या नाकाखाली ३० मिलिमीटरच्या चार एडन तोफा. चारही मिळून सेकंदाला ऐंशीच्या आसपास गोळे. तोफेमागे गोळे जेमतेम दीडशे, म्हणजे सात-आठ सेकंदांत खेळ खलास! गोळा साधारण पाव किलोचा, सुटतानाचा वेग सेकंदाला सुमारे ८०० मीटर. त्यात विमानाचे २०० मिळवा. वेग पावपट वाढला, पण ऊर्जा दीडपटीच्या वर गेली, कारण ती वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते.

धक्का मागेही बसतो, दीड टनाच्या आसपास. तोफा झाडल्या की विमान हवेत थांबतं, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. काही थांबत नाही. इंजिनाचा रेटा साडेचार टनांचा आहे. वेग थोडा उतरतो, इतकंच.

समोर ३६ टनांचं धूड. पुढच्या बाजूला १०० मिलिमीटर पोलाद. तिथे हे गोळे फुकट. इंजिनावरचं झाकण मात्र पातळ. समजा, ते २० मिलिमीटरचं आहे. विमान ३० अंशांत सूर मारून आलं, तर गोळ्याला तिरकं ४० मिलिमीटर पोलाद भेदावं लागतं. १० अंशांत आलं, तर तब्बल ११५. बहुधा त्याआधीच गोळा घसरून उडतो. म्हणून सूर खडा हवा. आणि खड्या सुरात ६०० मीटरवरून मारा केला, तर जमीन तीन सेकंदांवर.

विमानातून घेतलेल्या फोटोंत वाळूवर पट्ट्यांच्या वेड्यावाकड्या वळणांच्या खुणा दिसतात. चालक गाडी सारखी फिरवत होते. तीन सेकंदांत अशा गाडीवर नेम धरायचा!

पोलाद फोडायचं खरं काम हंटरच्या रॉकेटांचं. तोफांना साथ मिळाली, माझ्या मते, रणगाड्यांवर बांधलेल्या जादा इंधनाच्या पिंपांची. त्यांना ना चिलखत, ना कोनाची भानगड. एक गोळा पुरे.