एडिंबराच्या बोळांतून, भुतांच्या मागावर

नमस्कार. आज मी तुम्हांला एका शहरातून पायी फिरवून आणणार आहे. स्कॉटलंडची राजधानी, एडिंबरा. तिथलं जुनं शहर एका लांबट टेकडीच्या कण्यावर वसलेलं आहे. वरच्या टोकाला किल्ला, खालच्या टोकाला होलीरूडचा राजवाडा, आणि दोघांना जोडणारा उताराचा रस्ता, रॉयल माइल. अंतर दोन किलोमीटरही नाही. न थांबता चाललात तर अर्ध्या तासात खाली पोचाल. मला पहिल्या खेपेला दोन दिवस लागले, कारण या रस्त्याच्या दोन्ही अंगांना माशाच्या काट्यासारखे बोळ फुटतात. तिथे त्यांना ‘क्लोज’ म्हणतात. दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंतींना टेकावेत इतके काही अरुंद. आणि जवळपास प्रत्येक बोळाला एखादं भूत आहे.

या शहरात रोज संध्याकाळी भुतांच्या टूर निघतात. काळा झगा घातलेला गाइड, मागे वीस-पंचवीस माणसं. मी त्यांतल्या बऱ्याच केल्या. रात्री गोष्ट ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी एकटीने परत जायचं, असा मी नेम ठेवला होता. सकाळी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: इथे खरोखर कोण राहत होतं? त्यातून जे हाती लागलं, ते सांगायला मी आज उभी आहे.

मेरी किंग्ज क्लोजपासून सुरुवात करते. रॉयल माइलवर नगरपालिकेची भारदस्त इमारत आहे, सिटी चेंबर्स. समोरून पाहिली तर तीन-चार मजली वाटते. मागच्या बाजूने, उताराखालून पाहिली की ती किती खोल गेली आहे ते कळतं. १७५३ मध्ये इथे व्यापाऱ्यांसाठी एक्स्चेंज बांधायला घेतलं, तेव्हा जागेवर माणसांनी भरलेले बोळ होते. बांधणाऱ्यांनी त्या घरांचे वरचे मजले उतरवले आणि खालचे तसेच ठेवून त्यांचाच पाया केला. म्हणजे अख्खी गल्ली, तिचा उतार, दारं, चुली, सगळं इमारतीच्या पोटात राहिलं. आज जिने उतरून तुम्ही तिथे जाता आणि डोक्यावर आभाळाच्या जागी छत असतं. गल्लीत उभं राहून वर छत दिसणं, याची सवय व्हायला मला वेळ लागला.

दंतकथा अशी, की १६४५ च्या प्लेगात इथल्या आजाऱ्यांना बोळाची दोन्ही तोंडं बंद करून आत जिवंत चिणलं आणि त्यांचेच आवाज येतात. हे खरं नाही. आजारी घरांवर खूण केली जाई, त्यांना अन्न पोचवलं जाई, आणि पुष्कळांना शहराबाहेरच्या माळावरच्या झोपड्यांत हलवलं होतं. खरी गोष्ट वेगळीच आहे. शहराने नेमलेला पहिला प्लेगचा डॉक्टर थोड्याच दिवसांत प्लेगने मेला. मग जॉर्ज रे नावाचा दुसरा डॉक्टर आला. पायघोळ चामड्याचा झगा, तोंडावर चोचीचा मुखवटा. दूषित हवेने रोग होतो अशी त्या काळी समजूत होती, म्हणून चोचीत सुगंधी वनस्पती भरत. समजूत चुकीची होती. पण त्या जाड चामड्यातून पिसवा चावू शकत नव्हत्या, आणि प्लेग पसरतो पिसवांमुळे. रे जगला. ठरलेला मोठा पगार द्यायची वेळ आली तेव्हा नगरपरिषदेने हात आखडला आणि तो पुढे कित्येक वर्षं आपले पैसे मागत राहिला. टूरमध्ये त्याचा मुखवटा पाहून लोक दचकतात. मला मात्र तो अंधाऱ्या जिन्यांवरून आजाऱ्यांच्या गाठी कापून डागायला एकेका खोलीत चढणारा माणूस दिसतो.

आणि हो, ज्या मेरी किंगचं नाव त्या बोळाला आहे, ती भूत वगैरे काही नव्हती. १६३० च्या दशकात तिथे राहणारी ती विधवा कापडाचा व्यापार करून चार मुलं वाढवत होती. त्या काळी गल्लीला बाईचं नाव लागणं ही मोठी गोष्ट होती.

त्याच बोळात एक छोटी खोली आहे. १९९२ मध्ये, मला अतींद्रिय जाणवतं असं सांगणाऱ्या एक जपानी बाई तिथे आल्या. खोलीत पाऊल टाकवेना, म्हणाल्या. ॲनी नावाची एक लहान मुलगी आहे, तिची बाहुली हरवली आहे. त्यांनी बाहेरून बाहुली विकत आणून तिथे ठेवली. तेव्हापासून येणारे लोक खेळणी ठेवत आले आहेत. मी गेले तेव्हा कोपऱ्यात बाहुल्यांचा ढीग होता. एका कापडी सशाचा कान उसवलेला होता. कुणाच्या तरी लेकराने तो वर्षानुवर्षं कुशीत घेऊन झोपलेला असणार. ‘ॲनी’ नावाची मुलगी तिथे होती यावर माझा विश्वास नाही. पण प्लेगात मुलं मेली होती, आणि ज्यांच्यासाठी त्या काळी कुणाला नीट रडताही आलं नाही त्यांच्यासाठी साडेतीनशे वर्षांनी कुणीतरी आपला आवडता ससा सोडून गेलं. त्या ढिगाला मी नावं ठेवणार नाही.

किल्ल्यातल्या वाजंत्र्या पोराची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. भुयारात शिरला आणि त्याचं बॅगपाइप वाजणं मध्येच थांबलं. सुंदर गोष्ट आहे, पण तिच्यातून पुढे कुठे जाता येत नाही. तिथे मी रेंगाळत नाही.

साउथ ब्रिजवर मात्र थांबायलाच हवं, आणि गंमत ही की आपण पुलावर आहोत हे कुणाला कळतच नाही. १७८८ मध्ये खुल्या झालेल्या या पुलाला १९ कमानी आहेत. दिसते फक्त एक. बाकीच्या दोन्ही अंगांच्या इमारतींनी झाकून टाकल्या. कमानींच्या पोकळ्यांत मजले घालून खोल्या काढल्या. खाली चांभार, सुरी-कात्रीवाले, दारूचे गुत्ते, कोठारं. पण वरून पाणी झिरपू नये याची सोय घाईत राहून गेली. माल ओला होऊ लागला तसे धंदेवाले निघून गेले, आणि ज्यांना कुठेच थारा नव्हता ती माणसं आत राहायला आली. उजेड नाही, नळ नाही, संडास नाही, धुराला वाट नाही. पुढे त्या खोल्या राडारोड्याने बुजवल्या आणि शहर विसरून गेलं. १९८० च्या दशकात त्या पुन्हा उपसल्या, तेव्हा राड्यात खेळणी निघाली, औषधाच्या बाटल्या निघाल्या आणि कालवांच्या शिंपल्यांचे ढीग निघाले. कालवं तेव्हा गरिबांचं खाणं होतं.

इथे गाइडने दिवा मालवला तेव्हा मी घाबरले, हे मी तुम्हांला सरळ सांगते. मानेवर गार झुळूक आली, मागे कुणीतरी उभं आहे असं वाटलं. २००१ मध्ये मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच तळघरांत प्रयोग केला होता. दोनशेहून अधिक लोकांना एकेका खोलीत थोडा वेळ एकटं बसवलं आणि काय जाणवलं ते लिहून घेतलं. ज्या खोल्या झपाटलेल्या म्हणून प्रसिद्ध होत्या, तिथेच लोकांना जास्त अनुभव आले. आणि आधी काही ऐकलेलं नव्हतं त्यांनाही आले. खोलीचा आकार, उजेड यांसारख्या गोष्टींशी त्याचा संबंध दिसला. म्हणजे लोक खोटं बोलत नव्हते. त्या खोल्यांत खरोखरच काहीतरी असतं: अंधार, ओल, छताची उंची, कुठून येते ते न कळणारी हवा. मला दहा मिनिटांत जे सोसवेना, त्यात कुटुंबंच्या कुटुंबं वर्षं काढत होती. मघाशी एका ताईंनी विचारलं, की हे कळल्यावर भीती जाते का? माझी गेली नाही. ती त्या बिऱ्हाडांकडे वळली.

ग्रेफ्रायर्सच्या दफनभूमीतही तेच. तिथे सर जॉर्ज मॅकेन्झी यांची घुमटाची समाधी आहे. १९९८ च्या डिसेंबरात आसरा शोधणारा एक बेघर माणूस तिच्यात शिरला आणि भूत चाळवलं असं सांगतात. त्यानंतर लोकांना ओरखडे उठू लागले, भोवळ येऊ लागली. लगतचा कुंपणातला भाग कुलूपबंद केला गेला. आजही गाइडशिवाय आत जाता येत नाही. पण त्या कुंपणाचं नाव वाचा: कव्हेनंटर्सचा तुरुंग. १६७९ मध्ये बॉथवेल ब्रिजच्या लढाईत हरलेले सुमारे १,२०० कैदी या बाजूच्या उघड्या मैदानात कित्येक महिने डांबले होते. धर्माच्या बाबतीत राजाचं ऐकायचं नाही, एवढा त्यांचा हट्ट. शेवटी उरलेल्यांपैकी अडीचशेच्या आसपास लोकांना जहाजात कोंबून अमेरिकेकडे धाडलं. ते ऑर्कनी बेटांजवळ फुटलं आणि दोनशेहून अधिक बुडाले. भूत मात्र त्यांच्यातल्या एकाचंही नाही. ते त्यांच्यावर खटले चालवणाऱ्या सरकारी वकिलाचं, म्हणजे मॅकेन्झी यांचं आहे. गोष्टींतसुद्धा ज्याच्याकडे घुमट होता त्यालाच जागा मिळाली, याचा मला त्या फाटकापाशी फार राग आला.

शेवटचं ठिकाण, पेज्ली क्लोज. माझी टूर इथे थांबली नव्हती. २४ नोव्हेंबर १८६१ च्या रात्री इथली जुनी बहुमजली चाळ आतल्या माणसांसकट कोसळली. ३५ जण गेले. लोक राडा उपसत होते, आता कुणी सापडेल ही आशा संपली होती, तेव्हा खालून एका पोराचा आवाज आला: ओढा रे गड्यांनो, मी अजून मेलो नाही! त्याला जिवंत बाहेर काढलं. पुढच्याच वर्षी शहराने पहिला आरोग्याधिकारी नेमला, डॉ. हेन्री लिटलजॉन. त्यांनी एकेका बोळातली माणसं आणि मृत्यू मोजून काढले, आणि त्या अहवालावरून जुनी वस्ती पाडून रुंद रस्ते झाले.

नव्या इमारतीच्या दारावरच्या दगडी कमानीत त्या पोराचा चेहरा कोरला आहे, आणि भोवती एका फितीवर त्याचे ते शब्द. मी सकाळी गेले तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता आणि त्याच्या हनुवटीवरून थेंब गळत होते. खालच्या बोळातून एक बाई भाजीच्या पिशव्या घेऊन वर आली, मला वर बघताना पाहून तिनेही वर पाहिलं, आणि दोन्ही पिशव्या खाली ठेवून तिने ती ओळ मला मोठ्याने, तिथल्या बोलीत वाचून दाखवली.