शाहू मिलचं फाटक

कोल्हापूरच्या कोटीतीर्थ तलावाच्या काठावर उभं राहून मान वर केली की ही चिमणी दिसते. श्री शाहू छत्रपती मिलची. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली ही गिरणी उभारायला घेतली. मिरजेहून रेल्वे कोल्हापुरात येऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. संस्थानातल्या माणसाला कामासाठी मुंबई गाठावी लागू नये, गावातच हाताला काम मिळावं, ही त्यामागची दृष्टी.

कापसाच्या गठाणी गोदामात उतरायच्या. पिंजणी, कताई, विणाई असं एकेक खातं ओलांडत त्यांचं कापड व्हायचं. भोंगा झाला की पाळी बदलायची आणि रस्ता सायकलींनी भरून जायचा. गिरणीभोवतीच्या पेठांत आजही कुणाचे आजोबा साच्यावर होते, तर कुणाचे वडील गोदामात.

२००३ साली गिरणी बंद पडली. भिंती उभ्या राहिल्या, फाटकाला मात्र कुलूप लागलं.

२०२२ मध्ये, महाराजांच्या स्मृतिशताब्दीला, ६ मे रोजी कोल्हापूर शंभर सेकंद स्तब्ध उभं राहिलं. त्या कृतज्ञता पर्वात मिलच्या आवारात प्रदर्शनं भरली आणि लोक पोराबाळांसह आत आले. ही जागा लोकांची होऊ शकते, हे त्या दिवसांत साऱ्या शहरानं पाहिलं.

इथं महाराजांचं स्मारक व्हावं, ही मागणी जुनी आहे. व्हायलाच हवं. पण महाराजांनी बांधलेली गिरणी पाडून त्यांचं स्मारक कसं उभारणार? गोदामं, खाती, चिमणी, हेच तर स्मारक. मुंबईत काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या आवारात, तळ्याच्या काठी, वस्त्रोद्योग संग्रहालयाचं काम महापालिकेनं हाती घेतलं. आपल्याकडेही गिरणी आहे, तलाव आहे. एका गोदामात वाचनालय, दुसऱ्यात हातमाग, बाहेर बसायला सावली, एवढं तरी करता येईल.

आधी छप्पर दुरुस्त करा. आपल्या पावसात गळतं छप्पर दगडी भिंतीलाही टिकू देत नाही. मग तलावाच्या बाजूनं एक फाटक ठेवा, बिनतिकिटाचं. आणि कुठलं यंत्र कुठं होतं, कुठल्या खात्यात किती माणसं होती, हे ज्यांना ठाऊक आहे ते कामगार आज सत्तरीपार गेलेत. स्मारकाच्या आराखड्याच्या बैठकीला त्यांना आत्ताच बोलवा.